सुपारीएवढा आवाज

१८ ऑक्टोबर १९८८, अंबरनाथ

भीमराव नागपूरला गेला, दीक्षाभूमीवर. जाताना नेहमीसारखा दटावून गेला — "मधू, पूजा कर, पेढे वाट, काय वाटेल ते कर. पण टाकीच्या खोलीत लोखंड नेऊ नकोस!" काडेपेटीच्या कारखान्यात आम्ही एका बाकावर डबा खायचो. आता दोघांचा स्वतःचा गाळा. मळीच्या पाण्यावर काळी बुरशी वाढवायची, ती आंबट सोडते, त्याचं सायट्रिक, म्हणजे लिंबूफूल, करून आंबटगोळ्या करणाऱ्यांना विकायचं. लोकांना सांगितलं तर नाक मुरडतात. आणि त्याच गोळ्या चघळतात!

१९ ऑक्टोबर

खंडेनवमी. अवजारं मांडायला स्वच्छ जागा कुठे आहे? मळीच्या पाण्याने भरलेल्या टाकीवरच फळी टाकली. पूजेपुरतं! भीमरावाचा पानाही मीच शोधून आणला, कुंकू लावलं. तो नाही, त्याचा पाना तरी असू दे.

गुरुजी पाणी शिंपडत असताना टाकीत टुबुक झालं. सुपारी असेल.

३० ऑक्टोबर

ट्रेमध्ये बुरशी काय दाट आलीय, गोधडीसारखी! मी खूश. भीमरावाने बोट बुडवून चाखलं आणि थुंकला.

"नुसती माजलीय. लोखंड मिळालं की अंग धरते, आंबट सोडत नाही. कुठून जातंय रे?"

बादल्या, नळ, झाकणं — दिवसभर तपासत होता. जांभूळ गावाहून नळाला येणाऱ्या पाण्यात काही आलं असेल, मी म्हणालो.

६ नोव्हेंबर

उल्हासनगरचा गोळ्यावाला मोटवानी पोतं परत टाकून गेला. "साईं, गोली चूसो तो आँख भी नहीं मिचती!"

दुसरा घाणाही तसाच गेला.

८ नोव्हेंबर

माझे कान तिखट. कारखान्यात पट्टा सैल झाला तर मला साहेबाच्या आधी कळायचं. आज ट्रेच्या रॅकमागून आमच्या कामावरच्या गंगूचं ऐकलं — "पूजेला पाठ फिरवली त्यानं. बुरशी रुसणारच." आणि सुदाम — "रोज हात कुणाचा लागतो, ते बघ की!"

मी खोकलो. पुढे गेलो. ऐन दिवाळीत माणसं दुखवायची कशाला?

१४ नोव्हेंबर

"त्या दिवशी रॅकपाशी तू काय म्हणालास त्यांना?" भीमरावाने विचारलं.

"कुणाला? काही नाही."

"तेच विचारत होतो."

डबा उचलला आणि गेला. बुरशीच्या मूळ बाटल्या नीट लावून ठेवल्यात, प्रत्येकीवर चिठ्ठी. रागावलेला माणूस एवढं करत नाही. हा संपवून गेला.

१९ नोव्हेंबर

बदलापूरला त्याच्या घरी गेलो. द्रौपदीवहिनींनी चहा दिला. "ते नव्या नोकरीवर गेलेत, भावजी. वर्षभर तिथून बोलावत होते त्यांना. तेव्हा तुमच्यासाठी नाही म्हणाले."

चहा गोड होता. गिळला.

२२ नोव्हेंबर

आज टाकी पुरती उपसली. तळाच्या गाळात सुदामचा खराटा अडला. पाना. भीमरावाचा. गंजून लाल.

सुपारीचा एवढा आवाज होत नाही. माझ्या कानांना ते तेव्हाच कळलं होतं.

"कुणामुळे पडला हो, शेठ?" गंगूने विचारलं.

"माझ्यामुळे," म्हणालो. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू गेलं — ज्याला जायला हवं होतं, तो सोडून.