ट्रुरोच्या किनाऱ्यावर दिवा लावू नये

ट्रुरो, केप कॉड
शनिवार, २१ सप्टेंबर १९७४

चि. झुलीस,
आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग, आणि त्यांची पाठ आता बरी असेल असं धरून चालते.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. टोमॅटो संपले, उरलेले हिरवेच काढून खिडकीत ठेवलेत. काल केलच्या पाल्याचं सूप केलं, लिंग्विसा सॉसेज घालून, मोठं पातेलंभर. एकटीला एवढं कशाला लागतं म्हणशील, पण तुझ्या बाबांच्या मापाने करायची सवय हाताला लागलीय ती काही जात नाही. अर्धं शेजारी हेझलला दिलं. ती म्हणाली, मीठ कमी आहे. फुकटचं खाऊन वर नावं ठेवणारी बाई ती, तिचं काय मनावर घ्यायचं? तिचा फोन आला तर तेही मनावर घेऊ नकोस.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. गळाच्या दोरीने जरा कापलं, बस्स. आणि थोडी सर्दी आहे. सप्टेंबरात सर्दी कोणाला होत नाही?

आता तुझ्या पत्राकडे वळते. तू लिहिलंयस, "आई, मासे काय दिवसा मरतात का? जगातली शहाणी माणसं दिवसा मासे धरतात आणि रात्री झोपतात. तू अडुसष्ट वर्षांची बाई, एकटी, काळोखात कमरेएवढ्या समुद्रात उभी राहतेस. इथे ओहायोत मी रात्रभर छताकडे बघत पडते. बाबा गेले. मला आता माहेरचं एकच माणूस उरलंय. रात्री पाण्यात जाणार नाही असं वचन दे. हो किंवा नाही, एका शब्दात लिही. मला तुझी भाषणं नकोत."

भाषण तर होणारच. तू मला ओळखतेस.

पहिली गोष्ट, तुझे बाबा भर दुपारी गेले, कोरड्या जमिनीवर, पोस्टाच्या रांगेत, हातात तुझ्या मुलीच्या वाढदिवसाचं पार्सल घेऊन. समुद्राने त्या माणसाचं चाळीस वर्षांत कधी काही वाकडं केलं नाही. तेव्हा भीतीच बाळगायची तर पोस्टाची बाळग.

दुसरी गोष्ट, रात्रीच का? तू ट्रुरोत जन्मलीस, वाढलीस, आणि हे विचारतेस! पण चूक तुझी नाही. तुला लहानपणी ओरडून झोपवलं की आम्ही दोघं निघायचो, तुझी आजी तुझ्याजवळ निजायची. तुला कोणी कधी नेलंच नाही. सकाळी तू उठायचीस तेव्हा मासा ओट्यावर असायचा, अंगावर ते सात-आठ काळे पट्टे, आणि तुला वाटायचं मासे ओट्यावरच उगवतात.

तर ऐक. दिवसा हा किनारा माशांचा नसतो. पोहणारे, होड्या, आरडाओरडा, वरून ऊन. स्ट्रायपर, म्हणजे तोच पट्ट्यांचा मासा, मोठा बेरकी प्राणी. म्हातारा झालेला तर विचारूच नकोस. तो दिवसभर लांब, खोल पाण्यात तोंड मिटून पडून राहतो. त्याच्या पुढ्यात चांदीचं ताट धरलंस तरी ढुंकून बघणार नाही. पण काळोख पडला, माणसं घरी गेली, की वाळूत लपलेले बोटाएवढे मासे काठाशी येतात आणि त्यांच्यामागून हा येतो. किती जवळ? अगं, घोट्याएवढ्या पाण्यात! तुझ्या बाबांच्या पहिल्या धड्यात हेच होतं. मी मोठ्या ऐटीत गळ लांब फेकायला निघाले, तर ते माझा दंड धरून म्हणाले, "मेना, आधी पायाशी टाक. तू ज्यांना तिकडे शोधतेयस ते इकडे आलेत."

या माशाच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा कितीतरी कमी उजेड पुरतो. आपण ठार आंधळे असतो तेव्हा त्याला दिसत असतं. दोरी मात्र त्याला दिसत नाही, म्हणून आपला निभाव लागतो. आणि सगळ्यांत नवल म्हणजे, रात्र जितकी काळी तितका गळाला लावायचा लाकडी मासाही काळाच लावायचा. मला वाटलं, तुझे बाबा माझी थट्टा करतायत. काळोखात काळा मासा कोणाला दिसणार? ते म्हणाले, "तू वरून बघतेस. तो खालून बघतो. आभाळ कितीही काळं असलं तरी पाण्यापेक्षा उजळ असतं." त्या रात्री मी पहिल्यांदा मान वर करून विचार केला, की माझ्या पायांखाली कोणीतरी आहे आणि तो हेच आभाळ बघतोय. अंगावर काटा आला होता, झुली. आजही येतो.

म्हणूनच आमच्यात किनाऱ्यावर दिवा लावायचा नाही हा कायदा. गळ बांधायचा तर समुद्राकडे पाठ करून, कोटात तोंड खुपसून विजेरी लावायची. पाण्यावर उजेड पडला की मासे गेलेच म्हणून समज. उन्हाळी पाहुणे येतात, विजेऱ्या नाचवतात, आणि मग काळोखातून अशा शिव्या येतात की पाद्रीबाबा ऐकतील तर राजीनामा देतील. एल्वूड पेनचा आवाज तर तुला आठवत असेलच. तुझ्या बाबांचा जोडीदार. एकदा मेव्हण्याने दिवा लावला म्हणून त्याने त्याला घरी पाठवलं होतं, पायी.

इथवर वाचून तू म्हणशील, आई विषय टाळतेय. टाळतेच आहे.

हेझलने फोन केलाच असेल. नसेल केला तर करेल, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेव्हा माझ्याकडूनच ऐक.

सोमवारी अमावास्या होती. मी एकटीच गेले. ओहोटी होती, म्हणून मधली खोलगट घळ ओलांडून पुढच्या वाळूच्या दांड्यावर जाऊन उभी राहिले. दांड्याचं गणित तुला माहीत आहे. भरती लागली की आधी तुमच्या पाठीमागची घळ भरते, पुढचं पाणी नंतर वाढतं. म्हणून पाणी उलटलं की मासा असो नसो, पाठ फिरवायची. हे मी पोरासोरांना शिकवत आलेय. पण सोमवारी मासे असे लागले होते की काय सांगू! काळोखात नुसते आवाज, कोणीतरी तळहाताने पाण्यावर चापट मारावी तसे, डावीकडे, उजवीकडे, माझ्या मागेसुद्धा. मग एक लागला. मोठा. इतका मोठा की मी त्याला थांबवूच शकेना. तो दोरी ओढत राहिला, मी हसत राहिले, आणि दोरी तुटून भानावर आले तेव्हा मागची घळ भरलेली होती. गळाची काठी आपटून पाहिली, तळ लागेना. दांड्यावरच पाणी कमरेच्या वर आलं होतं.

मग मी दिवा लावला. गळ्यात दोरीने विजेरी असतेच. किनाऱ्याकडे तोंड करून हलवली. तिकडे दोघं-तिघं होते हे मला ठाऊक होतं.

आणि काळोखातून एल्वूडचा आवाज आला, "ए गाढवा! दिवा बंद कर! बापाच्या दिवाणखान्याची बत्ती आहे का?"

झुली, मी बंद केला.

हसू नकोस. रडूही नकोस. मला बुडायची वेळ आली होती आणि मी शरमून दिवा बंद केला. चाळीस वर्षांची सवय! चर्चमध्ये खोकला आल्यावर तोंड दाबतो ना, तसा. मनात म्हटलं, अगं बाई, बिचाऱ्यांचे मासे घालवले मी.

दिवा गेला आणि डोळे काळोखाला सरावले. मग मी जे पाहिलं ते तुला सांगायचंय, आणि त्यासाठीच एवढं मोठं पत्र.

पाणी पेटलं होतं. या दिवसांत कधी कधी पेटतं, हात फिरवला तर निळसर ठिणग्या उडतात, एवढं तूही पाहिलंयस. पण हे तसं नव्हतं. माझ्या चारी बाजूंनी स्ट्रायपर चालले होते. शेकडो, झुली! प्रत्येकाच्या अंगाभोवती उजेडाची कड. डोकं, पाठ, शेपूट, सगळं रेखलेलं. माझ्या उंचीचे वाटावेत असे काही. ते घळीतून येत होते, मला वळसा घालून पुढे जात होते, आणि बारीक मासे त्यांच्यापुढे ठिणग्यांसारखे उधळत होते. एकाने माझ्या मांडीला धक्का दिला आणि तो निघून गेला, बाजारात एखादा घाईतला माणूस देतो तसा. मी त्यांच्या खिजगणतीतही नव्हते. वर तारे आणि खाली हे, आणि मधे मी, छातीपर्यंतच्या रबरी विजारीतली म्हातारी. माझ्या तोंडून "देवा" एवढंच निघालं. तुझ्या बाबांनी मला या समुद्राचं सगळं दाखवलं, पण हे त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर मला उठवून सांगितलं असतं.

पाणी छातीशी आलं. विजारीच्या वरून आत शिरायला लागलं, बर्फासारखं. आणि मी तिथेच उभी होते.

मग एल्वूडची हाक आली, अगदी वेगळ्या आवाजात. "मेना? तूच आहेस ना?"

मी ओ दिली नाही.

त्याने पुन्हा हाक मारली. मला स्पष्ट ऐकू आलं. मी गप्प राहिले, झुली. घसा बसला नव्हता की थंडीने दातखीळ बसली नव्हती. मी बघत होते. आणि मनात एवढंच होतं की आता हलायला नको, हे संपायला नको, इथे छान आहे. भीती शोधूनही सापडत नव्हती. तुझे बाबा गेल्यापासून घरात मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

मग तो म्हातारा जिवाच्या आकांताने ओरडला, "मेने, गाढवे, बोल काहीतरी! काळोखात मला तू दिसत नाहीयेस! झुलीला मी काय तोंड दाखवू?"

तुझं नाव ऐकलं आणि माझ्या पायांना एकदम थंडी जाणवली. मी ओरडले, "इथे आहे! एल्वूड, मी इथे आहे!" आणि ओरडतच राहिले, कारण त्याला माझ्या आवाजावर नेम धरायचा होता. त्याने शिशाचं वजन लावून दोरी फेकली. पहिली डावीकडे पडली, दुसरी माझ्या खांद्यावर. ती अंगठ्याला गुंडाळून मी घळीत पाऊल टाकलं. तो ओढत होता, मी गटांगळ्या खात होते, शेवटी बाकीच्या दोघांनी गळ्याएवढ्या पाण्यात येऊन मला काखेत धरून बाहेर काढलं. काठी गेली. तुझ्या बाबांची होती. जाऊ दे.

नंतर त्याच्या ट्रकमध्ये घोंगडी पांघरून कॉफी पिताना मी विचारलं, "तुला कळलं कसं की मीच आहे?"

तो म्हणाला, "अगं, पाहुणा असता तर उलट चार शिव्या घातल्या असत्या आणि दिवा आणखी नाचवला असता. मी म्हटलं बंद कर आणि पटकन बंद झाला. इतक्या मुकाट्याने दिवा आपलाच माणूस विझवतो. मग वाटलं, आपला माणूस दिवा लावेल कशाला? काळजात धस्स झालं माझ्या." आणि मग म्हणाला, "दोनदा हाक मारली मी तुला."

मी म्हटलं, "वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही."

त्या रात्री वारा नव्हता. त्याला ठाऊक होतं. त्याने फक्त माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

मंगळवारी तुझं पत्र आलं. चार दिवस ते टेबलावर आहे. पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात "नाही" लिहीत होते, सगळ्या मुद्द्यांसह, आणि माझा प्रत्येक मुद्दा खरा आहे. समुद्र वाईट नाही. रात्र वाईट नाही. मी जे पाहिलं ते पाहायला मिळालं म्हणून मी रोज देवाचे आभार मानते, आणि त्यातलं काही एक परत देणार नाही. तू एकदा ये, मी तुला घेऊन जाईन, मग तुला कळेल तुझे आईबाप तुला टाकून कुठे जात होते ते.

पण तू एका शब्दात उत्तर मागितलंयस. ते असं: हो.

एकटी मी काळोखात पाण्यात पाऊल टाकणार नाही. वचन. तू छताकडे बघत पडतेस म्हणून देतेय, पण खरं कारण ते नाही, आणि खोटं कारण सांगून मला तुझ्याकडून शाबासकी घ्यायची नाही. सोमवारी मी घाबरले असते, तर "नाही" असंच लिहिलं असतं. घाबरलेला माणूस आपणहून मागे फिरतो. मी घाबरले नाही, झुली. म्हणून.

तू हाक मारलीस की ओ देणारी,
तुझी आई