आधी कोण पडलं

जुईनगर, १७ जानेवारी १९९९

ती. आईस प्रेमलाचा नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळ जेवते. हे मार्केटातून लवकर घरी येतात. दादांचा गुडघा कसा आहे?

आपल्या शिवतेजच्या केसची तारीख पडली. क्रीडा मंडळाचा वकील म्हणतो, हृदयाला झटका द्यायचं मशीन देणगीत आलेलं, ते वापरायची जबाबदारी मंडळावर नव्हती. मग खंडेनवमीला त्याची पूजा कशाला मांडली? माझं पोर कबड्डी खेळता खेळता कोसळलं आणि मशीन ऑफिसात हार घालून बसलेलं. सेक्रेटरी म्हणाले, "पूजेतलं आज हलवायचं नाही, रिक्षा बोलवा." रिक्षातच गेला गं तो.

केस लागल्यावर मंडळाने मशीन मैदानात उघड्यावर टांगलं, पोरांना शिकवलं. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या सरोजिनीबाईंचा आशुतोष तसाच पडला. पोरांनी तिथल्या तिथे झटका दिला. आता तो जिना धावत चढतो, मला घरात ऐकू येतं.

यंदा आपल्याला सण नाही, तरी त्या तिळगूळ घेऊन आल्या. "तुमच्या केसमुळे माझा मुलगा वाचला," म्हणून रडल्या. मी गोड बोलले. तिळगूळ अजून ओट्यावर तसाच आहे.

दादांना पत्र इथपर्यंतच वाचून दाखव.

आई, आशुतोषचं वाईट व्हावं असं नाही गं वाटत मला. फक्त, आधी तो पडायला हवा होता.

तुझीच,
प्रेमला