दोन्ही हात वर

अ‍ॅशबर्न,
८ फेब्रुवारी २०२५

ती. उत्तराताईस,
शि. सा. न. वि. वि.

जय तुमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष झाला! बातमी तुला माझ्या आधी कळली, नव्हे, ती घडवलीस तूच, तरी बापाला ती कागदावर लिहिल्याशिवाय चैन पडेना. फोनवर आपण एकमेकांना बोलू देत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. पोरं हसतात, हसोत.

डब्लिनच्या मंडळात आजवर एका कुटुंबाला एक मत, तेही फक्त आजीव सभासदांना. म्हणजे ज्या चार डॉक्टरांनी मंडळ काढलं त्यांनी अध्यक्षपद आपसात फिरवायचं आणि व्हिसावर आलेल्या पोरांनी गणपतीत सतरंज्या उचलायच्या. जयनं ते मोडलं आणि माणशी एक मत आणलं. सूनबाई प्रीता सांगत होती की आत्या बर्फात चिवड्याचे डबे घेऊन दारोदार फिरल्या आणि नवऱ्यांना दम देत होत्या, बायकोचं मत बायकोलाच देऊ दे म्हणून. मुलगा माझा, पण कॉलेजात असल्यापासून तुझ्या हातचं खाऊन वाढला, ते असं कामी आलं.

मला माझ्या अँड्र्यू जॅक्सनची आठवण झाली. जन्माआधी बाप गेला, चौदाव्या वर्षी आई गेली, आणि तो पोर राष्ट्राध्यक्ष झाला. शपथविधीच्या दिवशी चिखलाच्या बुटांनी लोक व्हाइट हाऊसमध्ये शिरले आणि गाद्यांच्या खुर्च्यांवर चढले. बड्या लोकांनी नाकं मुरडली. मी म्हणतो, लोकशाही आली ती त्या दिवशी. भाऊबिजेला तुला दर वर्षी वीस डॉलरची नोट पाठवतो ती तिच्यावर छापलेल्या त्याच्या तोंडाकडे बघूनच. तू ती पालथी ठेवतेस हे मला ठाऊक आहे.

डोळ्यांचं विशेष काही नाही. डॉक्टर उगाच घाबरवतात.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा,
सुमंत


डब्लिन, ओहायो,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सुमंत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोटच्या पोराची स्तुती करताना मध्ये जॅक्सनला आणायची काय गरज होती? तू पाठवलेलं जाडजूड पुस्तक मी वाचतेय, आणि तुझ्यासारखी शपथविधीच्या पानावर थांबले नाही. ज्याच्या शेतावर गुलाम राबत होते तो लोकशाहीवादी कसा, हे मला एकदा समजावून सांग. आणि चेरोकी आदिवासींचं काय? घरं, शेतं, शाळा, स्वतःचं वर्तमानपत्र असलेली माणसं. त्यांना उठवून पश्चिमेला धाडायचं, का, तर मतदारांना जमीन हवी होती. चेरोकींना मत नव्हतं. ज्यांना कुणी अधिकार दिला नव्हता अशा मूठभरांच्या सह्या करारावर घेतल्या. हजारोंनी आमचा विरोध आहे म्हणून कळवलं, आणि तरी तो करार सिनेटमध्ये एका मतानं निभावला. एका मतानं, सुमंत! आणि वर म्हणायचं की हे तुमच्याच भल्यासाठी.

आता घरचं. माझा दुपारचा कट्टा जोरात आहे. मुलांकडे सहा-सहा महिने आलेले आईवडील, दिवसभर बंद घरात टीव्हीपुढे बसणारे. आपला हॉल अपार्टमेंटच्या शेजारी, म्हणून चालत येतात. मंडळातल्या राजेशचे वडील, ते नागपूरचे काका, परवा सांगत होते की इथं आल्यापासून मुलगा-सून सोडून पहिल्यांदा कुणाशी मोठ्यानं हसलो. ते ऐकून मी चहात साखर दोनदा घातली.

एप्रिलात माझ्या राधिकाच्या बाळंतपणासाठी बेलव्ह्यूला जातेय. मेमध्ये मंडळाची सभा आहे, म्हणून माझी प्रॉक्सी, म्हणजे माझ्या वतीनं मत द्यायचा अधिकार, जयच्या नावानं सही करून ठेवली. त्यानं विचारलं, आत्या, कशाला कसं व्होट करू ते लिहून देतेस का? मी म्हटलं, तुला सांगायला लागलं तर मग झालंच.

डोळ्यांकडे लक्ष दे. जपून राहा, आणि मोठ्या बहिणीशी वाद घालण्याइतका ठणठणीत राहा.
ताई


अ‍ॅशबर्न,
२८ मे २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नातीचं अभिनंदन! राधिकाला विश्रांती घ्यायला सांग आणि तूही घे.

मंडळाची सभा चांगली झाली असं जय म्हणाला. काही बारीकसारीक ठराव झाले, ते तू परत आलीस की कळतीलच. जॅक्सनबद्दल इतकंच म्हणेन, एका मतानं का होईना, पास म्हणजे पास. तिथं शंका काढली तर कुठलीच निवडणूक टिकणार नाही. आणि राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा असं काँग्रेसला दर वर्षी सांगणारा माणूस लोकशाहीविरोधी कसा? उत्तर दे.

बाकी सर्व ठीक. बाळाचा फोटो पाठव, आणि आमच्यावर नजर असू दे.
सुमंत


बेलव्ह्यू,
१४ जून २०२५

चि. सुमंत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बारीकसारीक ठराव म्हणे! नागपूरच्या काकांचा फोन आला. कट्टा हॉलमधून हलवला. मुलांच्या रोबोटिक्ससाठी आणि डान्ससाठी जागा हवी म्हणून म्हाताऱ्यांची सोय हायवेपलीकडच्या एका इमारतीच्या तळघरात केली आहे. त्या रस्त्याला फूटपाथ नाही, बस नाही, आणि यांच्यातला एकही इथं गाडी चालवत नाही. काका म्हणाले, ताई, आम्ही पाहुणे माणसं, आम्हाला विचारतो कोण. मला फोनवर रडू आलं. बाळ खांद्यावर होतं, तेही दचकलं.

हॉलचा वापर बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात. एका मतानं ठराव पास झाला! माझं मत जयकडे होतं, तरी आपण हरलो. एक माणूस इकडून तिकडे झाला असता तर वाचलो असतो, हेच डोक्यात घोळतंय. बिचाऱ्या जयला अध्यक्ष म्हणून काय वाटलं असेल! त्याला फोन केला तर बिझी आहे म्हणून ठेवला. तू बाप आहेस, तू बोल त्याच्याशी. पुन्हा सभा घ्यायला सांग. मी तोवर तिथं पोचते.

सगळ्यांना आशीर्वाद, तुला जरा जास्त, कारण काम सांगितलंय.
ताई


अ‍ॅशबर्न,
२ जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जयशी बोललो. पुन्हा सभा घेणं शोभणार नाही, लोकांनी निर्णय दिलाय. ताई, तूच माणशी एक मत मागत हिंडलीस ना? आता माणसांनी मत दिलं तर ते मानायला हवं. पोरं इथं जन्मभर राहणार आहेत, आईवडील सहा महिन्यांचे. नवी खोली मोठी आहे, तिथं कॉफीचं मशीनही आहे म्हणे. कालांतरानं त्यांना तीच आवडेल. जयला यावरून टोचून बोलू नकोस, तो आधीच दमलाय.

इथं उकाडा फार. तुझा राग निवळेल ही खात्री आहे.
सुमंत


डब्लिन, ओहायो,
७ सप्टेंबर २०२५

सुमंत,

आशीर्वाद आज लिहिता येत नाही. जमेल तेव्हा लिहीन.

काल विसर्जनाला स्वानंदी नावाची एक तरुण मुलगी भेटली. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली, गोड. ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, काकू, यू आर ॲमेझिंग, स्वतःचा कट्टा असून मुलांसाठी तुम्ही ठरावाच्या बाजूनं व्होट केलंत, एवढं मोठं मन कुणाचं असतं! मी म्हटलं, अगं, काहीतरी चुकतंय तुझं. तर तिनं करून दाखवलं. हात वर करायला सांगितल्यावर जय टेबलापुढे उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, एक माझा आणि एक आत्याचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. ते एक मत माझं होतं, सुमंत. मी बेलव्ह्यूला बसून ज्याच्यासाठी हळहळत होते ते मत माझंच होतं.

पुढे तिथं प्रसादाच्या रांगेत, व्हिसाची मुदत वाढवून राहिलेले नागपूरचे काका उभे होते. ते माझ्याकडे बघेनात. त्यांना मेपासून हे ठाऊक होतं, आणि तरी फोनवर मला ताई म्हणाले.

जयला विचारलं. तो म्हणाला, आत्या, इट्स नॉट पर्सनल, एक मत कमी पडत होतं, आणि बाबांना विचारूनच केलं मी. बाबांना विचारून! म्हणजे जूनमध्ये मी तुला, जयशी बोल म्हणून विनवत होते तेव्हा तू काय हसत होतास? आणि मला समजावत होतास की लोकांनी ठरवलं? केसानं गळा कापलास तू. परक्यानं केलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तुझ्याशी भांडायचंही बळ उरलेलं नाही.

एवढंच विचारते: का?
उत्तरा


अ‍ॅशबर्न,
१९ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. हसत नव्हतो, एवढं तरी खरं मान.

जयचा सभेतूनच फोन आला होता. पोरांना त्यानं निवडणुकीत हॉलचा शब्द दिला होता. पहिल्याच ठरावाला हरला असता तर त्या डॉक्टरांनी त्याला उभं राहू दिलं नसतं, आणि तू आणलेलं माणशी एक मतही त्यांनी परत काढून घेतलं असतं. म्हटलं, ताईनं जयवर विश्वास टाकून सही केलीय, तिला शेवटी जयचं भलंच हवंय. मोठं काम टिकवायला लहान गोष्टीवर पाणी सोडावं लागतं. तुला फोन करणार होतो. पण तुला विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस.

राग धर, पण फार दिवस धरू नकोस.
सुमंत


डब्लिन, ओहायो,
२५ ऑक्टोबर २०२५

सुमंत,

भाऊबिजेचं पाकीट पोचलं. उघडलेलं नाही.

त्या पत्रातलं तुझं शेवटचं वाक्य माझं पाठ झालंय. मी रोज कट्टेकऱ्यांना गाडीतून तळघरात पोचवते, दोन खेपा करून. जाता-येता ते वाक्य आठवतं. मी नाही म्हणाले असते हे तुला माहीत होतं, आणि तरी माझा हात वर केलात.

जयच्या घरी दिवाळीला गेले नाही. प्रीता डबा घेऊन आली, दाराशी रडली. तिच्यावर राग नाही.
उत्तरा


डब्लिन, ओहायो,
२२ जानेवारी २०२६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वरचं गाव वाचून चमकशील. एकाच गावातून पत्र पाठवतोय, कारण तू माझा फोन घेत नाहीस. डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली. जय येऊन मला घेऊन गेला, अ‍ॅशबर्नचं घर विकायला काढलंय.

आठच्या आत सगळे बाहेर पडतात. मग मी आणि फ्रिजचा आवाज. समोर गॅरेजची दारं दिसतात, ती संध्याकाळपर्यंत उघडत नाहीत. जयला म्हटलं, मला कुठेतरी माणसांत सोड, तर म्हणाला, बाबा, ॲपवरून राइड बोलवायला शिका ना. पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत हे त्याला सांगायची लाज वाटली.

मंगळवारी ऊन पडलं होतं म्हणून मंडळाच्या हॉलपर्यंत चालत गेलो. जवळच आहे. दाराला कुलूप. काचेला नाक लावून पाहिलं तर रोबोटिक्सची टेबलं होती आणि माणूस एक नव्हता. मुलांचे वर्ग चारनंतर असतात हे प्रीताकडून कळलं. ताई, दिवसभर तो हॉल रिकामा असतो! मी तिथल्या पायरीवर बसलो आणि परत आलो.

तू कट्टेकऱ्यांना गाडीतून नेतेस असं ऐकतो. जागा असली तर मलाही ने. माझ्यापाशी यापुढे वाद घालायला काही उरलेलं नाही.

तुझ्या मायेची वाट पाहणारा,
सुमंत


डब्लिन, ओहायो,
२६ जानेवारी २०२६

चि. सुमंत यास,
आशीर्वाद. उत्तम आणि अनेक पुढे बघू.

गुरुवारी अकराला येते. स्वेटर घाल, तळघरात थंडी असते. तू मागच्या सीटवर बसायचं, पुढची नागपूरच्या काकांची आहे. तू माझा भाऊ आहेस हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि जयचा बाप आहेस हेही नाही. ते तुझं तू सांग. मी मध्ये पडणार नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. न्यायला येतेय ते तू एकटा बसतोस हे माझ्यानं वाचवलं नाही म्हणून. त्या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवल्या आहेत, तूही ठेव.

गुरुवारी आमच्याकडे कुणीतरी एका विषयावर बोलतं. या खेपेला तुझं नाव फळ्यावर लिहून आले. विषय, अँड्र्यू जॅक्सन खरंच लोकशाहीवादी होता का. ऐकणारे सगळे बिनमताचे आहेत, पण बोलणं संपलं की आम्ही हात वर करून निकाल देतो. ज्याचा त्याचा एकच हात. पाकिटातली वीसची नोट बरोबर आणते, त्यांना तोंड दाखवता येईल.

उत्तरा

ता. क. भाषणाचं तुला आधी विचारलं असतं, पण तू नाही म्हणाला असतास.