पुएब्लातली पायवाट

पुएब्ला, मेक्सिको
१४ जानेवारी २०२५

श्रेयाच्या पप्पांस,
कौसल्येचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमास्नी धड ऐकू येत न्हाय, म्हणून कागदावर लिवते. ह्येचा फोटू पुतण्या युवराज दावंल. लगीन झाल्यापासनं तुमाला कागद लिवायची पाळी पयल्यांदाच आली. अक्षराला हसू नका.

आपली नात दोन म्हयनं आदीच आली. वंजळीत मावंल येवढीशी हाय. दवाखान्यात काचंच्या पेटीत ठिवलीया. श्रेया तितंच बसून असती, रणजितराव कामावरनं परस्पर तिकडं जात्यात. मला मातुर थोडाच येळ आत सोडत्यात. बाकीच्या येळंला घरात बसवत न्हाय. आपलं पयलं लेकरू गेलं तवा मी भिंतीकडं तोंड करून बसले हुते. आता तसं बसायचं न्हाय, म्हणून चालत सुटले.

अन चुकले! हितलं समदं रस्तं सरळ, चौकटीच्या लुगड्यागत. कुठलाबी चौक दुसऱ्यासारखाच. येशूच्या मोठ्या देवळापुढं रडकुंडीला येऊन हुबी हुते, तर आमच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी दिसली. दोन्या लुपे तिचं नाव, दोन्या म्हंजी हितं बाई; एकटीच असती. तिनं वळखलं अन हात धरून दवाखान्यात पोचवलं. आता रोजच येती, अन रोज नव्या गल्लीनं नेती.

स्पेनच्या लोकांनी पाचेकशे वरसांमागं आखून वसवल्यालं गाव हाय. लाल इटांच्या भिंतीत निळ्या-पिवळ्या चिनी मातीच्या फरश्या बसवल्यात. भाईरनं दार बारकं, आत बघावं तर चौक, कारंजं, कुंड्या. मोठ्या देवळाला दोन मनोरं, पर घंटा एकातच. जड घंटा देवदूतांनी रातीत वर चढवली म्हणं. लुपेनं दोनी हात पंखागत हालवून सांगितलं. ती तिचं बोलती, मी माझं. अडत कायबी न्हाय.

औषधाच्या गोळ्या येळंवर घ्या. माया हाय तशीच असू द्या.
तुमची,
कौसल्या


निरवांगी, ता. इंदापूर
१९ जानेवारी २०२५

सौ. कौसल्येस,
हिंदुरावचा स. न. वि. वि.

बारामतीच्या मंडईत पिशवी इसरून येणारी बाई परमुलखात एकटी हिंडती, हे ऐकून साखरवयनींनी तोंडाला पदर लावला. मी हसलो न्हाय. युवराज म्हणाला, तिथला ज्वालामुखीचा डोंगर धूर सोडतोय. तर जरा लांबनंच हिंड.

ऊस तुटून गेला. म्हस येलीया, रेडकू ऱ्हायलं धड. भाकरी युवराजची बायको करती, पर मला च्या कितपत गोड लागतो ते तुलाच ठावं.

परवा नरसिंहपूरला गेलो. संगमावर हात जोडून हुबा ऱ्हायलो अन काय मागावं तेच सुचंना. नुसतं श्रेयाचं नाव घेत ऱ्हायलो.

तू पयल्या लेकराचं लिवलंस, ते वाचून गोठ्यात जाऊन बसलो. आपुन त्याच्यावर कवा बोललोच न्हाय. मला वाटायचं, इषय काढला तर तुला तरास हुईल. तुलाबी माझ्याबद्दल तसंच वाटत असंल. आता बोल. जे हुईल ते लिव, लपवू नगंस.

त्या लुपेबाईला माझा रामराम सांग. कळवत जा, म्हंजी जीव थाऱ्यावर ऱ्हाईल.
तुझा,
हिंदुराव


पुएब्ला
१० फेब्रुवारी २०२५

श्रेयाच्या पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

लपवू नगंस म्हणालात, म्हणून समदं लिवते. मागल्या हप्त्यात पोरीला ताप भरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजची रात काढू द्या, मग बोलू. सकाळपतोर आमी तिगंबी बाकड्यावर बसून हुतो. उजाडल्यावर श्रेयानं मला भाईर काढलं. म्हणाली, आई, तू इथं बसलीस की माझा धीर सुटतो.

लुपे दारात हुबीच हुती. तिनं मला गाडीत घातलं अन टोनान्त्सिन्त्ला नावाच्या खेड्यात नेलं. फाट्यावर उतरून शेताशेतानं चाललो. देऊळ भाईरनं साधंच. आत वर बघितलं अन मी खालीच बसले. समदं छत सोन्यानं अन रंगानं भरल्यालं, अन त्यात फळं, फुलं, मक्याची कणसं, मिरच्या! श्रेया नंतर घरी सांगत हुती, राज्य स्पेनचं, देवबी त्यांचाच, पर घडवणारं हात तिथल्या शेतकऱ्यांचं. त्यांनी देवदूतांना आपल्या पोरांची सावळी तोंडं दिली अन आपलं पीक देवाच्या डोस्क्यावर नेऊन ठिवलं.

त्या गर्दीतल्या एका बारक्या तोंडाकडं लुपेनं बोट केलं, मग सोताच्या पोटाव हात ठिवला. मला कळलं. मीबी दुसऱ्या एका तोंडाकडं बोट केलं. मग आमी दोघी रडलो, मनमोकळं. येवढ्या वरसांत मी तशी रडले न्हवते.

परत फाट्यावर येतोय तवर रणजितरावांचा फोन आला. ताप उतरला हुता.

काल पोरगी घरी आली. बारसं घरातच केलं. रणजितरावांची भन हितं न्हाय, तर आत्याचा मान लुपेला दिला. तिनं कानात नाव सांगितलं, संस्कृती. तिच्या तोंडात ते 'सान्स्क्रीती' झालं, पर पोरीनं डोळं उघडलं.

कुणाकुणाचं उपकार मानू? नर्सा, डॉक्टरीण, ही कोण कुठली म्हातारी. तुमचंबी मानते. तुमी बोल म्हणालात, म्हणून रडाया आलं.
तुमची,
कौसल्या


निरवांगी
१६ फेब्रुवारी २०२५

सौ. कौसल्येस,
स. न. वि. वि.

युवराजनं कागद वाचून दावला. अर्ध्यात त्यो थांबला, म्होरलं मी चष्मा लावून वाचलं. गावात पेढं वाटलं. शेजारचा अप्पा म्हणाला, पोरगी झाली म्हणून येवढं पेढं? मी त्याला आनिक एक दिला.

लुपेबाईसाठी इरकली लुगडं घेतलंय, साखरवयनींनी निवडलं. ती नेसती का न्हाय ठावं न्हाय, पर भनीला मोकळ्या हातानं कसं भेटायचं?

व्हय, भेटायचं म्हणालो. पासपोर्टसाठी फोटू काढून आलोय. फोटूत लय घाबरल्यागत दिसतोय, तू हसशील. युवराज म्हणतो, उन्हाळ्यात जावा, म्हशीचं मी बघतो.

तवर त्या गल्ल्या अन देवळं समदी पाठ करून ठिव. मला ते मक्याच्या कणसाचं छत बघायचंय, अन ती दोन तोंडंबी. जलमभर मी म्होरं चाललो अन तू मागनं आलीस. तितं तू म्होरं व्हय. मी येतो मागनं.
तुझा,
हिंदुराव