अंगणातली काळी चुरी

प्रिय छोट्या,

आता तू बाप झालास, तुला टक्कल पडायला लागलं, तरी मला तुझ्यासाठी दुसरी हाक सापडत नाही. सुट्टीत महिनाभर लेकीला घेऊन येतोस, हे तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. इतकी वर्षं तू या घराची पायरी चढला नाहीस. पत्र वाचलं आणि लगेच गादी उन्हात टाकली, खिडकीला नवी जाळी ठोकली. तुझी आई गेल्यापासून बोलायला फक्त रेडिओ, आणि तो आपलंच घोडं पुढे दामटतो.

गेल्या महिन्यात आरोग्य खात्याची एक बाई आली होती. बॅटरीचा कारखाना बंद पडून जमाना झाला, आता त्यांना आमच्या गल्लीची आठवण झाली. मागच्या अंगणातली माती तिने पाच ठिकाणांहून चमच्याने उचलली, तेव्हा मला हसू आलं. तुला आठवत असेल, तिथे पाणी साचायचं, कपडे वाळत घालताना तुझी आई घसरायची. कारखान्यात फुटक्या बॅटऱ्यांची काळी चुरी ढिगाने पडलेली असायची. फुकट ते पौष्टिक म्हणत मी सायकलवरून चाळीस पोती आणली आणि अंगणात चोपून बसवली. चिखल गायब. माझं बघून शेजाऱ्यांनीही तेच केलं, आणि मी काय मिरवलो तेव्हा. तू दिवसभर तिथेच गोट्या खेळायचास, बोटं तोंडात घालायचास.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई कागद घेऊन परत आली. चुरीत शिसं आहे, मुलांनी खेळण्यासारखी ती जागाच नाही, म्हणाली. लहान मुलाच्या रक्तात शिसं गेलं की त्याचं लक्ष लागत नाही, शिकलेलं टिकत नाही, पोट दुखतं. मी विचारलं, पाढे? ती म्हणाली, तेही. अमुक एका मुलाचं त्यामुळेच झालं का, हे नक्की सांगता येत नाही, असंही म्हणाली. मला धीर द्यायला म्हणाली असेल.

तुझे मास्तर म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी, आणि मी घरी येऊन पट्टी काढायचो. पोट दुखतंय म्हणालास की सोंग करतोस म्हणून आणखी दोन. चारचौघांत तुला मठ्ठ म्हणालो. सोळाव्या वर्षी घर सोडून निघालास तेव्हाही दारातून तेच ओरडलो. तू मठ्ठ नव्हतास रे. विष मीच पोत्यांनी वाहून आणलं आणि वर मारही मीच दिला. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

आता जे लिहायला इतके दिवस लागले ते लिहितो. तुझ्या लेकीला इथे आणू नकोस. माती काढून नेणार म्हणतात, पण कधी ते कुणालाच माहीत नाही, आणि ती धूळ घरातही येते. तू मोठ्या मनाने येतो म्हणालास आणि मी नाही म्हणतोय. मला ती नकोय असं मात्र समजू नकोस, तिचा फोटो मी रोज बघतो. हे सगळं तुझ्या डॉक्टरांनाही सांग. मी तुमच्याकडे यावं का, ते तू ठरव. बोलावलंस तर कपडे नवे, चपला नव्या घालून येईन. इथलं काहीही तिच्यापर्यंत पोचू देणार नाही.

तुझाच,
बाबा