न मागता मिळालेली सवलत परत घेण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय.

विषय: सराव पाठांतून मला देण्यात आलेली, मी न मागितलेली सूट रद्द होणेबाबत.

संदर्भ: १) विभागाचे 'सहानुभूतिपूर्वक मंजुरी' पत्र.
२) त्याच विभागाची, फारशी सहानुभूती नसलेली, कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी समावेशक व विशेष गरजा शिक्षण या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात दुसऱ्या वर्षाला शिकते. मी बोलताना अडखळते. लिहिताना अडखळत नाही, त्यामुळे अर्ज लांबला तर तो माझ्या अडचणीचा नव्हे, उत्साहाचा भाग समजावा. आमच्या विभागात सगळेच समावेशक आहेत. दारावर तसा फलक आहे.

सत्राच्या सुरुवातीला सराव पाठांसाठी शाळा आणि वर्ग वाटून देतात. मला शेजारच्या शाळेतली सहावी हवी होती, म्हणून मी विभागप्रमुख सरांकडे गेले. "सर, मला सराव पाठ" इथपर्यंत पोहोचले आणि पुढच्या शब्दावर अडकले. सर दयाळू आहेत. त्यांना माझे हाल बघवले नाहीत. "नको आहेत ना? अगं, नकोच! कशाला जिवाला त्रास करून घेतेस, बाळ?" असे म्हणून त्यांनी माझे वाक्य स्वतःच पूर्ण केले आणि त्याखाली सहीही केली. मी 'नाही सर' म्हणायला सुरुवात केली. ते संपेपर्यंत शिपाई पत्रावर शिक्का मारून परत आला होता.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी तेव्हापासून अवस्था आहे. या सवलतीची नोंद माझ्या प्रमाणपत्रावर येणार आहे: 'प्रत्यक्ष अध्यापनातून सूट.' आता आपणच सांगावे, शिकवण्यातून सूट मिळालेली शिक्षिका कोणती शाळा नोकरीवर ठेवील? पोहण्यातून सूट मिळालेला माणूस कोणी तलावावर जीवरक्षक म्हणून नेमतो का? मला शिक्षिका व्हायचे आहे. दुसरे काही व्हायचे असते तर मी दुसरे काही शिकले असते, इतकी अक्कल मला आहे.

दरम्यान वर्गाला व्यक्ती-अभ्यास लिहायचा होता. विशेष गरज असलेली एक व्यक्ती शोधा, तिला भेटा, निरीक्षण करा, असे काम. काखेत कळसा असताना गावाला वळसा कोण घालणार? जवळजवळ अख्ख्या वर्गाने माझ्यावरच लिहिले. मी डबा उघडला की आजूबाजूच्या वह्याही उघडत. मग मीही स्वतःवरच लिहायची परवानगी मागितली, तर 'निरीक्षणात तटस्थता राहणार नाही' म्हणून ती नाकारली. माझ्याच बाकावर बसणाऱ्या, माझ्याच डब्यातले खाणाऱ्या मैत्रिणीने 'जवळचे मित्र-मैत्रिणी' या रकान्यात लिहिले, 'नाहीत.' विचारले तर म्हणाली, "अगं, तसं लिहिलं की मार्क जास्त पडतात." मला फार वाईट वाटले. राग दुसऱ्या दिवशी आला. तिला मार्क मात्र खरेच चांगले पडले.

मग मी गुन्हा केला. त्या शेजारच्या शाळेत गणिताच्या बाई आजारी पडल्या, सहावी मोकाट सुटली, आणि मुख्याध्यापिकांना त्या घडीला कोणीही चालणार होते. मी गेले आणि अपूर्णांक शिकवले. तिथली मुले अजिबात समावेशक नाहीत. माझ्या पहिल्याच वाक्याला दोघांनी माझी नक्कल केली. मी त्यांना फळ्यापाशी बोलावून दोन अपूर्णांकांची बेरीज दिली. त्यांनी वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवून टाकले. वर्ग त्यांना हसला आणि आमची फिटंफाट झाली. पुढच्या उदाहरणाला मी उत्तर सांगू लागले, तशी एक मुलगी वैतागून म्हणाली, "थांबा हो बाई, सांगू नका, मी काढतेय ना!" महोदय, माझी कीव न करता माझ्यावर इतके हक्काने कोणी ओरडले, याला किती तरी दिवस झाले होते. घंटा झाली तेव्हा बऱ्याच जणांना छेद समान करायला येत होते. घरी जाताना मी रस्त्याने एकटीच हसत होते.

ही बातमी विभागाला कळली आणि नोटीस आली, की सूट असताना विनापरवाना अध्यापन केल्याबद्दल खुलासा करावा. चौकशीत मला बोलण्याचा त्रास होऊ नये म्हणून माझ्या आईला बोलावले. मुलीने असे का केले, असे समितीने तिला विचारले. आई म्हणाली, "मला काय विचारता? ती समोर बसलीय, तोंड आहे तिला. तिला विचारा आणि जरा दम धरा." समितीने इतिवृत्तात नोंदवले: 'पालकांचे सहकार्य नाही.' मला कोणी काही विचारले नाही. चहा घेणार का, एवढे विचारले, आणि त्याचेही उत्तर सरांनीच दिले.

तरी विनंती की, सदर सवलत रद्द करून मला सराव पाठ घेऊ द्यावेत. सत्र संपायला अजून अवधी आहे. एकदा दिलेली सवलत परत घेण्याची नियमांत तरतूद नाही, असे विभागातले लिपिक म्हणतात. तसे असेल तर माझी दुसरी विनंती ऐकावी. नोटिशीतला आरोप मला पूर्णपणे मान्य आहे. मी बचाव करणार नाही. आपण बिलकूल दयामाया न दाखवता तो सिद्ध करावा आणि विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी मला लेखी द्यावे, की सदर विद्यार्थिनीने सहावीच्या वर्गात जाऊन शिकवले आणि मुले शिकली. प्रमाणपत्राऐवजी तेच पत्र घेऊन मी नोकरी मागायला जाईन.

आपली, कोणत्याही सवलतीविना नम्र,

(सही)
विद्यार्थिनी, पदव्युत्तर द्वितीय वर्ष,
समावेशक व विशेष गरजा शिक्षण विभाग

दिनांक: ७ फेब्रुवारी

सोबत: संदर्भातील दोन्ही पत्रांच्या प्रती. खुलासा जोडलेला नाही.