नुसतं ‘बेडा’ म्हणायचं होतंस

प्रिय अण्णा,

‘प्रिय’ हे सवयीनं लिहिलं गेलं. आज तू मला मुळीच प्रिय नाहीस.

तू माझ्याशी खोटं बोललास, हे मला गेल्या रविवारी कळलं. जिवंत असतास तर रामनगरहून मिळेल ती जीप पकडून नंदिगड्डेला आले असते आणि अंगणातच तुझी हजेरी घेतली असती. आता भांडू कुणाशी? हार घातलेल्या फोटोशी? म्हणून लिहायला बसले. आणि सगळं ऐकून घ्यायचं. मध्येच ‘च्या ठेव की गे’ म्हणून विषय बदलायची तुझी खोड आता चालायची नाही.

तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा माझी एक देते म्हणून मी हुबळीला आले होते. रक्त दिलं, सांगितल्या त्या सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट आणायला तू आणि वैनी गेलात आणि तिथूनच तुझा फोन आला. ‘जुळत न्हाई म्हणाले गे डॉक्टर. तू कशाला वाईट वाटून घेतीस?’ मी परसात जाऊन रडले. मला माझ्याच अंगाचा राग आला. एका आईच्या पोटची आपण दोघं, आणि जुळत नाही म्हणजे काय?

जुळत होती, अण्णा! चांगली जुळत होती!

हे कळलं कसं, ते ऐक. तुझ्या त्या बुद्धिबळामुळे कळलं.

आमच्या दुकानामागच्या खोलीत रविवारी बाजार उठल्यावर पट मांडतात. तू गेल्यापासून तुझ्या खुर्चीत कुणी बसत नव्हतं. त्या दिवशी बँकेत नवीन बदलून आलेले हेगडे साहेब आले. शिरसीकडचे, मराठी मोडकंतोडकं. खेळायला कुणी आहे का म्हणाले. कुणी उठेना. मग मीच गल्ल्यावरून उठले आणि तुझ्या खुर्चीत बसले. पांढरे मोहरे माझ्याकडे आले, आणि मी तुझाच डाव लावला.

तुझा पाहुणचार! गणेशगुडीच्या कॉलनीत वायरमन होतास तेव्हा कुठल्याशा इंजिनियरकडून शिकून आलास आणि नाव मात्र स्वतःचं दिलंस. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. समोरच्यानंही तेच केलं की आपल्या राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवून त्याच्या तोंडाशी द्यायचं. ‘खा बाबा, पावणा हायस तू.’ पाहुणा खायचा. मग तुझे घोडे आणि उंट भराभर बाहेर पडायचे आणि पाहुण्याला पानावरून उठता यायचं नाही.

लहानपणी मी एकदा ते प्यादं घेतलं नव्हतं, आठवतं? मला त्यात काहीतरी गोम वाटली होती. तू माझा हात धरून तो प्याद्यावर नेलास. ‘घे की गे. दिल्यालं घ्याचं असतंय.’ मी घेतलं आणि हरले. दिलेलं घ्यायचं असतं, हे मला शिकवणारा तू!

आता वाटतं, तुझा डाव काही एवढा भारी नव्हताच. आपल्याकडे पुढे केलेलं कुणी नाकारत नाही, म्हणून तो चालायचा. आलेला माणूस नको नको म्हणतो, आपण वाढतो, तो खातो. आईचं आठवतं ना? ‘नको’ म्हटलं की पानात आणखी भात पडायचा. पोट खरंच भरलं असलं तर कन्नडमध्ये ‘बेडा’ म्हणावं लागायचं. अर्थ तोच, पण ‘बेडा’ म्हटलं की आईचा हात थांबायचा. ‘नको’ म्हणजे आग्रह करा, आणि ‘बेडा’ म्हणजे नको. आणि ‘बेडा’ फक्त घरात. परक्यासमोर म्हटलं तर तो उद्धटपणा.

त्यामुळे तुझ्या प्याद्याला साऱ्या जोयडा तालुक्यात कुणी ‘बेडा’ म्हटलं नाही. समोरच्यानं घेतलंच नाही तर पुढे काय खेळायचं, हे तू मला कधी शिकवलं नाहीस. शिकवणार कसा? तुलाच माहीत नव्हतं!

हेगडे साहेबांनी माझ्या प्याद्याकडे बघितलं, हसले, ‘बेडा’ म्हणाले, आणि आपला उंट तिरका काढून पटाच्या मध्यापर्यंत आणून बसवला. माझं प्यादं तिथंच उभं. मला इतका राग आला! घेत नाही म्हणजे काय? मग मीच त्या प्याद्यानं त्यांचं मधलं प्यादं खाल्लं. त्यांचा वजीर कडेला आला, शह. मी एक प्यादं आडवं घातलं. वजिरानं माझं राजासमोरचं प्यादं खाऊन पुन्हा शह दिला, आणि त्याच दमात कोपऱ्यातल्या हत्तीवर डोळा. हत्ती गेला, पाठोपाठ डाव गेला. साहेब भला माणूस. ‘बाई, कुठं चुकलं दाखवतो,’ म्हणाले. मी ‘नको’ म्हणाले, तर ते दाखवायलाच लागले! शेवटी ‘बेडा’ म्हणून उठले.

स्वयंपाकघरात वैनी भाजी निवडत बसली होती. बाजाराला म्हणून ती आणि तुझी पोरगी आमच्याकडे आल्या होत्या. मी आत जाऊन भांडी आपटली. ‘देतोय ते घ्यायला काय धाड भरली त्या माणसाला!’

वैनी मान खाली घालूनच म्हणाली, ‘तुझ्या अण्णांनी तरी कुठं घेतलं?’

‘काय?’

‘काय न्हाई.’

‘वैनी, काय म्हणालीस तू?’

मग तिला रडू आलं आणि तिनं सगळं सांगितलं. ‘जुळत होती गे. डॉक्टर तयार होते. ह्यांनीच न्हाई म्हणून सांगिटलं. म्हणाले, आमच्या शैलीची पोरं ल्हान हायत, उद्या तिची राहिलेली बिघडली तर? शैलीला नको म्हटलं तर ती ऐकणार हाय व्हय? आग्रह करकरून देईल. जुळत न्हाई म्हटलं की गप बसंल.’

गप बसंल!

बसले की गप! डायलिसिसला दांडेलीला जाताना मी तुझ्या शेजारी बसायचे. तुझे पाय सुजलेले, चप्पल चढत नव्हती. तू खिडकीतून बघत रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलायचास, पंचायतीला शिव्या घालायचास. आणि तुला पाहिजे ते माझ्या अंगात तुझ्यापासून हातभर अंतरावर आहे, हे तुला सगळा वेळ माहीत होतं! कसं बोलवलं तुला त्या खड्ड्यांवर? एकदाही माझ्याकडे बघून जीभ चाचरली नाही?

घ्यायचं की नाही हे ठरवायचा हक्क तुझा होता. ते मला पटतं, राग येतो तरी पटतं. पण तू घेतलं नाहीस हे मला कळायला नको होतं का? नुसतं ‘बेडा’ म्हणायचं होतंस! मला कन्नड येत नाही का? त्या एका शब्दावर आईचा हात थांबायचा, मी थांबले नसते?

बरं, नसते थांबले. भांडले असते, तुझ्या दारात बसून राहिले असते, काकांना मध्ये घातलं असतं. पण मला भांडायला तरी मिळालं असतं, अण्णा! तू माझं ते भांडणही घेऊन गेलास.

आता मी तुला शिकवते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी पट मांडून बघते आहे. प्यादं नाकारलं तर चिडून हात मारायचा नाही, हे पहिलं. राजाच्या बाजूचा घोडा काढायचा. त्यानं वजिराची शह द्यायची वाट बंद होते, आणि आता आपण त्याचं मधलं प्यादं खरंच खाऊ शकतो. त्याला ते राखावं लागतं. राखू दे. त्याचा तो उंट लांबूनच आपल्या राजाशेजारचं घर धरून बसलेला असतो, म्हणून राजाला हत्तीआड न्यायचा किल्लेकोट करता येत नाही. तर आधी त्याला उठवायचं. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं एक घर, आणि त्याच्या आधारानं वजिरापुढचं दोन घरं. उंटाला उठावंच लागतं. मग राजा कोटात, आणि हत्ती येतो थेट त्या न घेतलेल्या प्याद्याच्या मागे. घेतलं नाही म्हणून ते प्यादं फुकट जात नाही. डाव तिथून पुढे चालतो.

यातून काय शिकलीस, असं तू लगेच विचारशील. शिकणं गेलं खड्ड्यात! मला एवढंच म्हणायचंय की माझ्याकडेही पुढच्या चाली होत्या. तुला रामनगरला आणून ठेवलं असतं, तिथून दवाखान्याचे हेलपाटे निम्मे झाले असते. दुसऱ्या डॉक्टरला विचारलं असतं, तुझ्या मनातली भीती काढायला त्याला तुझ्यासमोर बसवलं असतं. त्यातून काहीच झालं नसतं, तरी निदान तू का मरतो आहेस हे माहीत असताना मी तुझ्याजवळ बसले असते. तू मात्र पट गुंडाळून ठेवलास आणि डाव संपला म्हणालास. मी वेडी, खरं मानून बसले.

वैनीचं तर याहून वाईट. तिनं हे एकटीनं पोटात ठेवलं. तुझा तिच्यावरचा हा भार कुणी विचारात घ्यायचा?

पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध आहे, आणि ती घाबरली आहे. दहाव्याला नदीकाठी कावळा शिवेना, तेव्हा काका म्हणाले, पोरीला शिकवू. मी म्हणाले, वैनीला अंतर देणार नाही. कावळा फांदीवरच. शेवटी वैनी पुढे झाली, हळूच काहीतरी पुटपुटली आणि तो झटकन उतरला. काय पुटपुटली, ते तिनं परवा सांगितलं. ‘शैलीला कळू देणार न्हाई.’ मेल्यावरसुद्धा तुला तीच काळजी! आता शब्द मोडला म्हणून या खेपेला कावळा येणार नाही, असं तिनं मनाशी धरून ठेवलंय.

तर माझाही शब्द ऐकून ठेव. तुझ्या पोरीचं शिक्षण आणि वैनीचं दुखणंखुपणं मी बघणारच आहे. त्याला कावळ्याची साक्ष लागत नाही. पण त्या दिवशी तो आला नाही, तर वैनीला मागे सारून मी पुढे होईन. हात जोडणार नाही. काकांसमोर, साऱ्या गावासमोर मोठ्यानं सांगेन की माझी किडनी माझ्या भावाला जुळत होती आणि त्यानं ती घेतली नाही. मग तुझा कावळा खाली उतरू दे, नाहीतर दिवस मावळेपर्यंत फांदीवर बसू दे. त्याच्यासाठी वाढलेलं पान मी उचलणार नाही.

तुझी, रक्तानं आणि तपासणीनंही जुळलेली,
शैली